ट्रॉलीच्या टायरांची निवड

छत्तीसगडला 'धानाचा कटोरा' म्हणतात. रायपूर जिल्ह्यातील अभनपूर, आरंग, तिल्दा या भागांत कापणी-मळणी आटोपली की रस्त्यांचे रूपच पालटते. साधारणपणे नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत धानाची सरकारी खरेदी चालते आणि ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉल्या कट्ट्यांच्या थप्प्या घेऊन सहकारी संस्थांच्या खरेदी केंद्रांकडे निघतात. एका कट्ट्यात 40 किलोग्रॅम धान असते. 2023-24 च्या हंगामापासून एकरी 21 क्विंटलपर्यंत धान घेतले जाऊ लागले. त्या हिशोबाने पाच एकरांच्या शेतकऱ्याचे 105 क्विंटल, म्हणजे 262 कट्ट्यांहून थोडे अधिक धान होते. वर्षाचे हे सारे उत्पन्न ज्यावर तोललेले असते तो भाग म्हणजे ट्रॉलीच्या चार टायरांचा जमिनीला टेकलेला, वीतभर लांबीरुंदीचाही नसलेला तुकडा होय. तरीही ट्रॅक्टरच्या इंजिनाची जितकी काळजी घेतली जाते, तिच्या दशांशही काळजी या टायरांच्या वाट्याला येत नाही.

पूर्वी बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवीत. धाव झिजे, क्वचित तुटे. पण ती फुटण्याचा प्रश्न नव्हता. रबराच्या हवा भरलेल्या धावेची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने 1845 साली मांडून तिचे एकस्व घेतले. त्यापूर्वी, 1839 मध्ये, अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला गंधकाबरोबर तापविलेले रबर उन्हात चिकट व थंडीत ठिसूळ होत नाही असे आढळले होते. थॉमसनची कल्पना मात्र विस्मरणात गेली. 1888 मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती नव्याने योजिली, आणि या वेळी ती टिकली. उत्तर भारतातील अनेक खेड्यांत रबरी टायरांच्या बैलगाडीलाच 'डनलप' म्हणू लागले, ते त्याच्याच नावाने चाललेल्या कंपनीमुळे.

टायर भार पेलतो, असे आपण म्हणतो. खरे पाहता भार मुख्यतः आतील हवा पेलते आणि टायर त्या हवेला कोंडून धरतो. टायरच्या भिंतींच्या ताठरपणाचा वाटा तुलनेने थोडा असतो. तो सोडून दिला, तर हिशोब अगदी साधा आहे. समजा, एका चाकावर 1475 किलोग्रॅम भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 7 किलोग्रॅम दाबाची हवा आहे. पंपावरील माणूस यालाच 'शंभर पौंड हवा' म्हणेल. 1475 ला 7 ने भागले असता सुमारे 211 चौरस सेंटिमीटर क्षेत्र येते. टायर 15 सेंटिमीटर रुंदीने टेकत असेल, तर टेकलेला भाग 14 सेंटिमीटर लांब होईल. आता हवा 5 किलोग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे 70 पौंडांपर्यंत उतरली असे धरा. भार तोच असल्यामुळे क्षेत्र 295 चौरस सेंटिमीटर व्हावे लागेल आणि लांबी जवळजवळ 20 सेंटिमीटर. ही वाढीव लांबी टायर अधिक दबल्यावाचून येत नाही, आणि टायर दबणे म्हणजे त्याच्या बाजूच्या भिंती वाकणे.

सारे अनर्थ या वाकण्यात आहेत. रबर ताणून सोडले असता घेतलेली सर्व शक्ती ते परत करीत नाही. काही अंश उष्णता होऊन आतच राहतो. सुमारे 80 सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा परीघ अडीच मीटर भरतो. म्हणजे तो एका किलोमीटरमध्ये 400 फेरे घेतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने एका तासात 16,000. भिंतीचा प्रत्येक बिंदू तासाभरात तितक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. रबर उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे ही उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. आतील धाग्यांचे थर आणि रबर यांची पकड सैल होते, थर सुटू लागतात, आणि एखाद्या दिवशी मोठा आवाज होऊन टायर फुटतो. लोक तेव्हा रस्त्यावरील खड्ड्याला दोष देतात. खड्डा निमित्तमात्र असतो. टायर मारला जातो तो त्यापूर्वी महिनोन्महिने कमी हवेवर आणि जास्त भारावर चालविल्यामुळे.

ट्रॉलीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. मोटारीच्या पुढच्या चाकातील हवा गेली तर सुकाणू एका बाजूला ओढते व चालकाला ते हाताला कळते. ट्रॉलीची चाके सुकाणूपासून दूर, इंजिनाच्या आवाजापलीकडे असतात. हवा उतरलेले चाक कैक किलोमीटर तसेच फरफटत जाते आणि चालकाला त्याची वार्ताही नसते. त्यातच कट्ट्यांवर माणसे बसलेली असतात. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे, हे सर्वांना ठाऊक असूनही कामावरून परतताना आणि लग्नसराईत हे दृश्य नित्याचे आहे.

नवा टायर घेताना म्हणूनच प्रथम दुकानात जाऊ नये. प्रथम वजनकाट्यावर जावे. नेहमीइतका माल भरून पुढचा आणि मागचा आस वेगवेगळे तोलून घ्यावेत. हे शक्य नसेल तर निदान कागदावर हिशोब करावा. चारचाकी ट्रॉलीचे रिकामे वजन 1500 किलोग्रॅम आहे आणि तीत 110 कट्टे भरतात असे समजू. कट्ट्यांचे 4400 धरून एकूण 5900, म्हणजे प्रत्येक चाकावर 1475 किलोग्रॅम. परंतु माल कधीच चारही कोपऱ्यांवर समान बसत नाही, आणि बांध ओलांडताना किंवा वळताना एका बाजूच्या चाकांवर भार लोटतो. यासाठी पाचव्या हिश्शाची सवड ठेवली, तर 1770 किलोग्रॅम पेलणारा टायर हवा.

हा आकडा टायरवर शोधावा लागतो, आणि तो टायरच्या भिंतीवरच कोरलेला असतो. उदाहरणार्थ, '7.50-16' यात पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो आणि दुसरा रिमचा व्यास. त्याच्या जवळच '122' असा अंक आणि एखादे रोमन अक्षर दिसते. अंक हा भारदर्शक होय. 122 म्हणजे 1500 किलोग्रॅम, 125 म्हणजे 1650, 128 म्हणजे 1800. अक्षर वेगाची मर्यादा सांगते. 'एफ' असल्यास ताशी 80 किलोमीटर, 'जे' असल्यास 100. याखेरीज 'प्लाय रेटिंग' म्हणून 14 किंवा 16 असा आकडा असतो. जुन्या काळी टायरमध्ये सुती कापडाचे थर घालीत, तेव्हा तो थरांची खरी संख्या सांगे. पुढे अधिक बळकट धागे आले, थर कमी झाले, आणि आकडा केवळ बळाचे माप म्हणून उरला. सोळा प्लायचा टायर कापून पाहिला तर सोळा थर मिळणार नाहीत. त्यात दुकानदाराची लबाडी नाही.

वरील उदाहरणात 122 भारदर्शकाचे टायर पुरत नाहीत, हे उघड आहे. मग दोन मार्ग राहतात. एक, 128 किंवा अधिक भारदर्शकाचा टायर घेणे. मात्र तो आपल्या रिमवर बसतो की नाही हे आधी पाहिले पाहिजे. रुंद टायर अरुंद रिमवर चढविणे घातक असते, आणि चाक फार मोठे झाले तर ट्रॉलीची पातळी ट्रॅक्टरच्या हुकाशी न जुळून ती तिरपी राहते व माल एका आसावर सरकतो. दुसरा मार्ग माल कमी करण्याचा. 1500 किलोग्रॅमच्या टायरवर तेवढीच सवड ठेवल्यास चाकामागे 1250, चार चाकांवर 5000, त्यातून ट्रॉलीचे 1500 वजा जाता 3500 किलोग्रॅम, म्हणजे 87 कट्टे. तेवीस कट्टे कमी नेल्याने 262 कट्ट्यांच्या शेतकऱ्याला तिनाऐवजी चार खेपा कराव्या लागत नाहीत हे ध्यानात घ्यावे. 110 नेले काय किंवा 87 नेले काय, खेपा तीनच होतात. शेवटच्या खेपेला एक-दोन कट्टे उरतील तेवढेच. मंद वेगाने चालणाऱ्या वाहनासाठी काही उत्पादक अधिक भाराची मुभा देतात हे खरे. पण ती त्यांच्या तक्त्यात छापलेली असेल आणि त्यासोबत सांगितलेली वाढीव हवा भरली जात असेल, तरच तिचा आधार घ्यावा.

रायपूर हे मालमोटारींचे मोठे ठाणे आहे. मुंबई, नागपूर आणि कोलकाता यांना जोडणारा मार्ग येथून जातो आणि टाटीबंधच्या परिसरात अहोरात्र वाहतूक चालते. साहजिकच मालमोटारींतून उतरविलेले जुने टायर येथे मुबलक मिळतात आणि त्यांतील बरेच ट्रॉल्यांना लागतात. हा व्यवहार सर्वस्वी त्याज्य मानण्याचे कारण नाही. वेग कमी असतो, वर्षातील फेऱ्या मोजक्या असतात, आणि नव्या टायरची किंमत लहान शेतकऱ्याला जड जाते. मात्र ग्राहक बहुधा नक्षीची खोली पाहून सौदा करतो, आणि तेथेच फसतो. ट्रॉलीचे टायर झिजून क्वचितच मरतात. ते म्हातारे होऊन मरतात.

टायरचे वय ओळखणे कठीण नाही. भिंतीवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '2319' असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी तो काढून टाकावा असे सांगतात. हवेतील ओझोन वायूचे प्रमाण अत्यल्प असले तरी तो ताणलेल्या रबरावर सूक्ष्म भेगा पाडतो. याला आवर घालण्यासाठी रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात आणि उन्हापासून रक्षण काजळी करते. टायरचा काळा रंग तिचाच. चालत्या टायरमध्ये भिंती वाकत राहिल्याने हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येते. उभ्या टायरमध्ये ते तितकेसे येत नाही. जानेवारीनंतर महिनोन्महिने एकाच जागी, रायपूरच्या वैशाखातल्या 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या उन्हात उभी राहणारी ट्रॉली यामुळेच रोज धावणाऱ्या मालमोटारीपेक्षा लवकर टायर गमावते.

विशेष म्हणजे हाच रोग अमेरिकेतील घरगाड्यांनाही जडतो. तेथे कित्येक कुटुंबे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी मोटारीमागे जोडून सुटीत प्रवासाला जातात. उरलेले वर्ष ती अंगणात उभी असते. अशा गाड्यांसाठी जाड भिंतींचे वेगळे टायर मिळतात आणि त्यांवर 'एसटी' अशी अक्षरे असतात. महाराष्ट्रातील एसटीशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांतील पुष्कळांची वेगमर्यादा ताशी 65 मैल, म्हणजे सुमारे 105 किलोमीटर असते. मोटारीचा साधा टायर अशा गाडीला लावायचा झाल्यास त्यावर लिहिलेल्या भाराला 1.1 ने भागावे असा तेथील नियम आहे. मागे ओढल्या जाणाऱ्या चाकाचे हाल अधिक होतात, हे त्या नियमात गृहीत धरलेले आहे.

जुना टायर घ्यायचाच असेल तर तो उन्हात नेऊन आतबाहेर पाहावा. भिंतीवर बारीक भेगांचे जाळे, कुठे फुगवटा, आतल्या बाजूने धागे उघडे पडलेले किंवा रिमवर बसणाऱ्या कडेची तार दिसणारी असेल, तर तो फुकटही महाग आहे. रिट्रेड केलेल्या टायराविषयी अनेकांच्या मनात उगाच अढी असते. मूळ सांगाडा निरोगी व अलीकडचा असेल, तर वरचा नवा थर उत्तम काम देतो. विमानांनाही असे टायर सर्रास वापरतात. बारा वर्षांच्या खोल नक्षीच्या टायरपेक्षा चार वर्षांचा नीट रिट्रेड केलेला टायर केव्हाही बरा. नक्षीबाबत सांगायचे तर, ट्रॉलीचे चाक स्वतः ओढत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारख्या उंच दातांची त्याला गरज नाही, सरळ रेघांची नक्षी पुरते. जमिनीचा विचार मात्र करावा. कन्हारच्या काळ्या चिकणमातीत अरुंद टायर रुततो, तर भाट्याच्या मुरमाड जमिनीत खडे टायर कापतात आणि तेथे जाड रबराचा थर उपयोगी पडतो.

बाजारात ज्याला 'नायलॉन' म्हणतात त्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदतात. रेडियलमध्ये धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे जातात व वरून पोलादी पट्टा असतो. रेडियल कमी तापतो आणि त्याच्या भिंती अधिक लवचिक असतात. दोन्ही प्रकार एकाच आसावर मिसळू नयेत. भाराखाली ते सारखे दबत नाहीत. नव्या टायरात जुनी ट्यूबही घालू नये. वापरलेली ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. ज्या रिमला सुटी कडी असते तिच्यात हवा भरताना कडीसमोर कोणी उभे राहू नये. नीट न बसलेली कडी गोळ्यासारखी उडते आणि तिने माणसे दगावली आहेत. चांगल्या दुकानात यासाठी लोखंडी पिंजरा असतो.

हवा नेहमी थंड टायरची मोजावी. पहाटे 15 अंश तपमानात 7 किलोग्रॅम दाबाने भरलेली हवा चालून 45 अंशांवर पोचली, तर दाब सुमारे 7.8 होतो. तो पाहून हवा सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर उपाशी असतो. हंगाम संपल्यावर ट्रॉली लाकडी ठोकळ्यांवर उचलून चाकांवरील भार काढावा, टायरांवर जुनी पोती टाकावीत आणि डिझेल-तेल त्यांवर सांडू देऊ नये.

'स्टेपनी' हा शब्द वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथे 1904 पासून मोटारींची जादा चाके तयार होऊ लागली. ट्रॉल्यांना ती बहुधा नसतेच. चार टायर बदलताना जुन्यांतील सर्वांत धडधाकट टायर रिमसह बाजूला ठेवला, तर ही उणीव थोड्या खर्चात भरून निघते. बदललेल्या चाकांचे नट पहिल्या 50 ते 100 किलोमीटरांनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे चाक भाराखाली आपल्या जागी बसताना ते किंचित सैल होतात.