गर्भाशयातील ‘मारक’ पेशींचे संगोपनकार्य

एकाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर बसविली, तर काही दिवसांतच ती गळून पडते. शरीर परक्या पेशींना थारा देत नाही. गर्भाची निम्मी आनुवंशिक घडण पित्याकडून आलेली असते; म्हणजे मातेच्या दृष्टीने तो निम्मा परकाच. तरीही तो नऊ महिने तिच्या उदरात वाढतो, हे कसे? ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न मांडला.

विषाणूबाधित व कर्कजन्य पेशींचा नाश करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना १९७५ मध्ये ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळाले. पुढे याच घराण्यातील पेशी गर्भाशयाच्या अस्तरात ओळखण्यात आल्या, आणि त्याही विपुल. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तेथील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. त्या गर्भावर हल्ला करीत नाहीत. नाव मात्र तेच राहिले आणि त्याने बराच गैरसमज पसरविला.

या पेशींचे मुख्य कार्य रक्तपुरवठ्याशी निगडित आहे. गर्भाशयाच्या अस्तरातील रोहिण्या मळसूत्रासारख्या वळणाच्या, अरुंद व स्नायुमय भिंतींच्या असतात. मारक पेशी काही द्रव्ये सोडून या भिंती सैल करू लागतात. मग वारेच्या पेशी मुळांप्रमाणे आत शिरून ते काम पुरे करतात. पाटाचे तोंड रुंद केल्यावाचून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, तसेच हे आहे. रोहिणी रुंदावली, की वारेला रक्त मुबलक, पण संथपणे मिळते.

रोहिण्या अरुंदच राहिल्या, तर गर्भाची वाढ खुंटते किंवा मातेचा रक्तदाब वाढून ‘प्री-एक्लॅम्प्शिया’ हा घातक विकार उद्भवू शकतो. वारेच्या पेशींवर ‘एचएलए-सी’ नावाची खूण असते. ती मातेकडून तशीच पित्याकडूनही येते. मातेच्या मारक पेशी ही खूण वाचतात. केंब्रिज येथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले, की या दोहोंच्या काही विशिष्ट जोड्यांमध्ये मारक पेशी अतिशय दबून राहतात व विकाराचा धोका वाढतो. म्हणजे अपाय होतो तो पेशी आक्रमक झाल्याने नव्हे, तर त्या निष्क्रिय राहिल्याने. शिवाय ही जुळणी दोघांच्या वारशाची असते. सुनेच्या कुशीला दोष देणाऱ्या घरांत ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे.

रक्तातील मारक पेशी मोजून गर्भपाताचे कारण सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांबाबत सावध असावे. रक्तातील व गर्भाशयातील पेशींचे गुणधर्म भिन्न असल्याने एकीच्या मोजणीवरून दुसरीची स्थिती कळत नाही. या पेशी दडपण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांचा लाभही निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

रोहिण्यांतील हा बिघाड बाहेरून दिसत नाही. त्याची चाहूल लागते ती रक्तदाबाच्या आणि लघवीतील प्रथिनांच्या तपासणीतून. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा अधिक आढळल्यास, अथवा तीव्र डोकेदुखी व दृष्टी अंधुक होणे ही लक्षणे दिसल्यास, गर्भवतीला त्वरित वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्य संस्थांत दर महिन्याच्या ९ तारखेला ही तपासणी विनामूल्य होते.