शेवटची खूण गाठा, मगच लिहा

समजा वडीगोद्रीच्या एका शाळेने गुणपत्रकांच्या फोल्डरची नक्कल दर शनिवारी चुंबकीय फितीवर घ्यायचे ठरवले. पहिली नक्कल उतरली. दुसरी कोठे लिहाल?

कॅसेट आरंभी गुंडाळून त्यावर नवे गाणे भरले, की आधीचे पुसले जाई. येथेही तसेच. म्हणून प्रत्येक नकलेनंतर यंत्र फितीवर एक खूण उमटवते. पुढच्या शनिवारी शेवटच्या खुणेपर्यंत जाऊन तेथून लिहायचे. फीत आरंभी राहिली, तर नवी नक्कल पहिलीवर बसतेच. शिवाय ती संपते तेथे 'मजकूर संपला' अशी खूण पडते आणि तिच्यापलीकडचे जुने, फितीवर असूनही, यंत्र वाचत नाही!

२०२१ साली आलेल्या एलटीओ-९ फितीची लांबी १०३५ मीटर. तीवर १८ टेराबाइट माहिती मावते. एका चुकीने केवढे जाईल पाहा. उलट, फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलच्या प्रणालीतील दोषाने काहींच्या जीमेलमधील पत्रे नाहीशी झाली, ती अशा फितींवरूनच परत मिळवली गेली.

डबीवर प्रत्येक नकलेचा क्रमांक व तारीख मात्र लिहाच. तिसरी नक्कल हवी असेल, तर यंत्राला आरंभापासून दोन खुणा ओलांडायला सांगावे लागते.