हिपॅटायटिस बी : विषाणूचे प्रकार आणि आपला तपासणी अहवाल

यकृताला ग्रासणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू सर्वत्र एकसारखा नसतो. त्याची जनुकीय संहिता जेमतेम 3,200 अक्षरांची आहे. परंतु स्वतःची नक्कल करताना झालेल्या चुका तो दुरुस्त करीत नाही. त्या साठत जाऊन ए, बी, सी, डी इत्यादी जनुकप्रकार निर्माण झाले. भारतात डी सर्वाधिक आढळतो, त्याखालोखाल ए. सी मुख्यतः पूर्व व ईशान्य भागांत दिसतो.

डी प्रकाराविषयी एक गोष्ट रुग्णाने व कुटुंबीयांनी अवश्य जाणून घ्यावी. या प्रकारात पुष्कळदा असा बदल घडतो की, विषाणू ‘ई-अँटिजेन’ हे प्रथिन बनविणे थांबवितो, पण त्याची वाढ चालूच राहते. म्हणून अहवालात ‘ई-अँटिजेन निगेटिव्ह’ असे वाचून आजार गेला, असे समजू नये. (‘एस-अँटिजेन’ची चाचणी वेगळी, संसर्ग आहे की नाही, हे तीच सांगते.) उपचाराचा निर्णय डॉक्टर रक्तातील विषाणूचे प्रमाण व यकृताची स्थिती पाहून घेतात. औषध स्वतःच्या मनाने बंद केल्यास आजार तीव्रतेने उलटू शकतो.

लस मात्र या सर्व प्रकारांपासून संरक्षण देते, कारण ती विषाणूच्या आवरणाचा जो भाग शरीराला ओळखावयास शिकविते, तो सर्वांत जवळजवळ समान आहे. नवजात बालकास पहिली मात्रा जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यावी. पुढील मात्रा 6, 10 व 14 आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट लशीतून मिळतात. प्रत्येक गरोदर स्त्रीने आपली तपासणी प्रसूतीपूर्वीच करून घ्यावी.