हिमस्फटिकांची छायाचित्रे आणि चाकूचे टोक

अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात जेरिको नावाचे गाव आहे. तेथील विल्सन बेंटली या शेतकऱ्याला हिमस्फटिकांचे विलक्षण वेड होते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने एका स्फटिकाचे पहिले छायाचित्र घेतले. त्या वेळी त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

काम मोठे जिकिरीचे होते. काळ्या फळीवर पडणारे हिमकण झेलावयाचे, त्यांतला एखादा उचलून काचपट्टीवर ठेवावयाचा, पिसाने हलकेच दाबावयाचा. आणि हे सर्व गारठलेल्या खोलीत, श्वास रोखून. उच्छ्वासाची ऊब लागली की स्फटिक गेलाच म्हणून समजावे!

यानंतर दुसरी अडचण. स्फटिक पारदर्शक आणि पार्श्वभूमीही उजळ. त्यामुळे चित्र फिके दिसे. बेंटली मग निगेटिव्हची प्रत काढी आणि स्फटिकाच्या कडेकडेने तिच्यावरील रासायनिक थर चाकूने खरवडून टाकी. निगेटिव्हचा जो भाग निर्मळ होतो तो कागदावर काळा उमटतो. काळ्याभोर पार्श्वभूमीवरील ती लखलखीत चित्रे शाळांना व अभ्यासकांना तो काचपट्टीमागे पाच सेंट घेऊन देत असे. यात कमाई ती कसली? परंतु चित्रे दूरवर पोहोचली. १९३१ साली त्याच्या ग्रंथात दोन हजारांहून अधिक चित्रे छापली गेली.

जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान याने मात्र आक्षेप घेतला. त्याच्या सहकाऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांत स्फटिक बहुधा ओबडधोबड आणि असमान दिसत होते. बेंटलीचे सारे रेखीव कसे? बेंटलीचे म्हणणे असे, की चित्र निसर्गाशी अधिक प्रामाणिक होत असेल तर असा हात फिरविणे योग्यच होय. आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पार्श्वभूमी काळी केल्याने स्फटिक बदलत नाही. पण त्याची कड कोठे संपते हे चाकू ठरवू लागला, म्हणजे पाहणाऱ्याला निसर्ग दिसतो की कारागिरी, हे सांगता येत नाही. शिवाय केवळ सुंदर नमुनेच वेचले, तर सर्वच हिमकण तसे असतात असा गैरसमज होतो. तो आजही पुष्कळांच्या मनात आहे.

आज चाकूचे काम संगणक क्षणार्धात करतो. फुलपाखराचा फाटका पंख सांधणे किंवा पानाची कुरतडलेली कड गुळगुळीत करणे मुलांनाही जमते. परंतु त्या फाटक्या पंखात कदाचित पक्ष्याच्या चोचीची खूण असते आणि त्या कडेवर अळीच्या दातांची! रंग भडक केल्यास जात ओळखण्यातही चूक होऊ शकते. उजेड थोडा वाढविणे किंवा चौकट कापून लहान करणे यात सहसा काही बिघडत नाही. मूळ चित्र मात्र जसेच्या तसे वेगळे जपावे; बेंटलीनेही चाकू चालविला तो प्रतीवरच. चित्र इतरांना देताना तारीख, ठिकाण आणि आपण त्यात काय फेरफार केला, हे खाली दोन ओळींत लिहावे. दुर्मिळ पक्ष्याचे घरटे असेल, तर तेवढे ठिकाण सांगू नये.