दुपारी माग का मंदावतो?

प्रश्न : सोलापुरात माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मजुरी नगावर देतो, तरी एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उत्पादन घटते. जादा बक्षीस लावावे का?

उत्तर : बक्षीस राहू द्या, आधी शेडमध्ये थर्मामीटर टांगा. नगावर मजुरी घेणारा कामगार हात आखडून स्वतःच्याच पोटावर पाय देत नाही. आपल्याकडे पारा 40 अंशांपार जातो. पत्र्याखाली, मोटारींच्या शेजारी तर विचारूच नका. त्यात कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो, माग थांबतो आणि कामगार गाठी मारत बसतो. म्हणून नुसत्या पंख्यांनी भागणार नाही, हवेत ओलावाही हवा. पत्र्याला पांढरा रंग द्या. दिवेही बदला : बंगळुरूच्या शिलाई कारखान्यांत एलईडी लावल्यावर उकाडा घटला आणि कडक उन्हाच्या दिवसांत उत्पादन सुधारले, असे अभ्यासात दिसले आहे.

पाळी पहाटे सुरू करता येईल, पण कामगारांना विचारून. ज्या दिवशी नळाला पाणी येते, त्या दिवशी घर सोडून कोण येणार? आणि आठवडाभर प्रत्येक माग कधी, कशामुळे थांबला, हे वहीत लिहा. सूत वेळेवर न पोहोचल्याच्या नोंदीही त्यात निघतील. त्या मात्र तुमच्या खात्यात.