प्रोग्रॅम चालवण्याआधी वाचून घ्या

महाड औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. त्यांची वायरिंग, पॅनेल व फॅब्रिकेशनची कामे घेणाऱ्या कारागिरांचा आणि त्यांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांचा आता संगणकाच्या प्रोग्रॅमशी रोजचा संबंध येतो. प्रोग्रॅम लिहिणे आपले काम नसेल, पण तो तपासून घेणे आपले काम आहे.

समजा, एका रिअ‍ॅक्टरला वाफ देणारा व्हॉल्व्ह प्रोग्रॅमवर चालतो. आज्ञा अशी आहे: तापमान 80 अंशांच्या वर गेले की वाफ बंद करावी. पाणी तापवून चाचणी घेतली, 81 वर व्हॉल्व्ह बंद झाला, बिलही दिले गेले. आता सेन्सरची तार तुटून आकडा शून्य आला तर? शून्य 80 पेक्षा कमी, म्हणून वाफ चालूच राहणार आणि आतला माल तापतच जाणार. ही चूक चाचणीत दिसत नाही, कारण त्या दिवशी तार शाबूत असते. टेबलावर बसून ओळ न् ओळ वाचणारा मात्र विचारतो, ‘आकडाच खोटा आला तर?’ महाडात थंडीतही पारा 5 अंशांपर्यंत उतरत नाही. तेव्हा नुसत्या तापवण्याच्या भांड्यात त्याखालचा आकडा आला, की वाफ बंद करून घंटा वाजवावी, अशी ओळ घालता येते. शिवाय प्रोग्रॅमवर अवलंबून नसलेले वेगळे संरक्षण हवेच.

मोठ्यांच्याही हातून हे घडले आहे. 4 जून 1996 रोजी युरोपचे एरियन-5 रॉकेट उड्डाणानंतर 40 सेकंदांच्या आत नष्ट झाले. एरियन-4 चा जुना प्रोग्रॅम त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा 32,767 या मर्यादेपलीकडे गेला आणि दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. जुने चालले म्हणून नव्या जागी चालेल, हा भरवसा महाग पडला.

प्रोग्रॅम न चालवता त्यातील चुका शोधणारी साधनेही आहेत. पुण्यात 1981 साली सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात या विषयावर बरेच काम झाले. शून्याने भागाकार, मर्यादेबाहेर जाणारा आकडा, किंमत न भरताच वापरलेली जागा, अशा चुका ही साधने दाखवतात. ती खोटे इशारेही पुष्कळ देतात, म्हणून शेवटी जाणत्या माणसाने पाहावे लागते.

दुकानदाराला एवढे साधन लागत नाही. बिलाचा प्रोग्रॅम बनवून घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. ‘10,000 च्या वर सूट’ असे लिहिले असेल तर नेमक्या 10,000 च्या बिलाला सूट मिळते का? आणि कराचा दर एकाच जागी लिहिला आहे की दहा ठिकाणी? 22 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटीचे अनेक दर बदलले. दर दहा जागी लिहिलेला असेल तर नऊ बदलून एक राहू शकतो, आणि चुकीचे बिल गिऱ्हाइकाच्या हाती जाते. उत्तरे तोंडी न घेता प्रोग्रॅममधली ती ओळ समोर दाखवायला सांगावी.