आपण गावाला गेल्यावर दारचे मुके जीव

लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात प्रभू येशू एका कुबड्या स्त्रीला शब्बाथवारी बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. तेव्हा प्रभू आठवण करून देतो की, शब्बाथ असला तरी प्रत्येक जण आपला बैल किंवा गाढव दावणीहून सोडून पाण्यावर नेतोच. सण असो वा प्रवास, जनावराच्या तहानेला सुटी नसते.

आपल्या बाजारहत्नूर भागात लग्नसराईत, नाताळात किंवा सप्टेंबरात वेलंकणीच्या यात्रेला जाताना घरादाराला कुलूप लागते. मागे कुत्रा रात्रभर रडतो, गाय पान्हा चोरते, शेळ्या चारा सोडून ओरडत राहतात. शेजारी म्हणतात, "जनावर खोडीचे आहे." ही खोड नव्हे, भीती आहे. रोजचा आवाज, रोजचा वास, रोजची वेळ सारे एकाच दिवशी नाहीसे झालेले असते. म्हणून जाण्यापूर्वी तीन गोष्टी सांभाळाव्यात : जागा, वेळ आणि हात.

1. जागा. शक्यतो जनावर स्वतःच्याच गोठ्यात, स्वतःच्याच अंगणात राहू द्यावे. मांजराचा जीव तर माणसाइतकाच घरात गुंतलेला असतो. पोत्यात घालून परक्या घरी नेऊ नये. कुत्र्याला बांधणे भागच असेल तर गळ्यात पट्टा घालावा, सरकफास कधीही नको. भिंत, ओटा किंवा विहिरीच्या कठड्याजवळ बांधू नये. पलीकडे उडी मारली तर फास बसतो. सकाळची सावली दुपारी सरकते, हे ध्यानात ठेवावे. आदिलाबादच्या उन्हाळ्यात ही चूक जिवावर बेतते. कुत्र्याजवळ आपला वापरलेला, न धुतलेला जुना कपडा ठेवावा. ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो.

2. वेळ. खाणे, पाणी, दूध काढणे रोजच्याच वेळी व्हावे. "चार दिवसांचे एकदम" घालून जाऊ नये. शेळी-गाईपुढे ज्वारी किंवा मक्याचे धान्य भरपूर पडले तर पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद होते आणि जनावर दगावू शकते. कडबा व हिरवा चारा नेहमीचाच द्यावा, ढेप मोजून द्यावी. बैलाला दिवसाला 40 ते 50 लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. मध्यम कुत्र्याला लिटरभर तरी हवे. पाण्याचे भांडे जड असावे, म्हणजे कलंडत नाही.

3. हात. ज्याच्यावर सोपवायचे, त्या शेजाऱ्याने किंवा सालगड्याने आठवडाभर आधीपासून आपल्यासोबत चारा-पाणी करावे. गाईच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे. घाबरलेली गाय पान्हा सोडत नाही, दूध कासेत साचते आणि कासदाहाची भीती वाढते. कुत्र्याला एकटे राहण्याची सवय हळूहळू लावावी : आधी अर्धा तास, मग अर्धा दिवस. निघताना मोठा निरोप घेऊ नये. शांतपणे निघावे.

गप्प करणे म्हणजे शांत करणे नव्हे

ओरडू नये म्हणून काही जण जनावराला दारू पाजतात किंवा माणसांच्या झोपेच्या गोळ्या देतात. असे कदापि करू नये. तापावरची साधी पॅरासिटामोलची गोळीसुद्धा मांजराला मारक ठरते. कपाशीच्या फवारणीची औषधे व रिकामे डबे कुलपात ठेवावेत.

पिसाळ रोगापासून सावध

घाबरलेला, उपाशी कुत्रा दोर तोडून पळतो, भटक्या कुत्र्यांत मिसळतो आणि चावतोही. म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी व पशुवैद्याच्या सल्ल्याने पुढे दरवर्षी देत राहावी. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी व सांगितलेल्या तारखांना पूर्ण करावी. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, म्हणून थांबू नये. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

घरी बसून विचार करा

1. आपण चार दिवस नसलो तर आपल्या जनावरांना पाणी कोण देईल? त्याला ती ओळखतात का?
2. आपल्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली? तारीख कुठे लिहिलेली आहे का?
3. शेजारी यात्रेला निघाला, तर त्याचा गोठा सांभाळायला आपण स्वतःहून पुढे होऊ का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल, तर पहिल्याची काळजी आपोआप मिटेल. आज आपण त्याच्या गाईला पाणी दाखवू, उद्या तो आपल्या गाईला दाखवील.